दात काढला, पण ओठ अजून जडच? दातांच्या उपचारात नसेला होणाऱ्या इजेविषयी

खालच्या जबड्यात भुलेचे इंजेक्शन दिल्यावर दाताचे डॉक्टर पाच-सात मिनिटांनी एकच प्रश्न विचारतात, "ओठ जड झाला का?" तुम्ही मान हलवली की काम सुरू होते. हा जडपणा साधारण तीन ते पाच तासांत उतरतो. आधी मुंग्या येतात, मग चहाचा कप ओठाला लागल्याचे कळते आणि विषय संपतो. काही जणांचा ओठ मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच असतो. चूळ भरताना पाणी हनुवटीवरून ओघळते आणि ते शर्टावर पडेपर्यंत कळत नाही. घरचे म्हणतात, "भूल जास्त दिली असेल, उतरेल." बहुतेक वेळा हळूहळू उतरतेही. पण 'उतरेल' म्हणत किती दिवस थांबायचे आणि कोणत्या वेळी एक दिवसही थांबायचे नाही, हे रुग्णाला माहीत असलेले बरे. हा लेख त्यासाठी आहे.

कोणती नस?

आधी एक गोंधळ दूर करू. रूट कॅनाल केल्यावर 'दाताची नस काढली' असे आपण म्हणतो. ती नस म्हणजे दाताच्या पोटातला मऊ गर आणि त्यातले बारीक तंतू. ते काढणे हाच तिथला उपचार असतो, त्याने ओठ बधिर होत नाही. आपण इथे बोलत आहोत ते मोठ्या मज्जातंतूविषयी. दातांचे ते बारीक तंतू त्याच्याच फांद्या असतात. दवाखान्यात सगळे त्याला नसच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसेचे नाव ट्रायजेमिनल. तिच्या तीन शाखा आहेत: एक कपाळ आणि डोळ्याच्या भागाची, दुसरी वरच्या जबड्याची आणि तिसरी खालच्या जबड्याची. त्रास होतो तो मुख्यतः तिसऱ्या शाखेच्या दोन फाट्यांना.

पहिला फाटा अक्कलदाढेच्या मागे, जबड्याच्या आतल्या बाजूने हाडात शिरतो. दाढांच्या मुळांखालून एका हाडाच्या बोगद्यातून पुढे येतो आणि सुळ्याच्या मागच्या दोन लहान दाढांच्या खाली असलेल्या छिद्रातून बाहेर पडून खालच्या ओठात आणि हनुवटीत पसरतो. दुसरा फाटा जिभेचा. तो हाडात शिरत नाही. अक्कलदाढेच्या आतल्या बाजूला, हिरडीखालून, हाडाला जवळजवळ चिकटून जिभेकडे जातो. काही लोकांत तो इतका वर असतो की त्याच्यावर फक्त हिरडीचा पातळ पडदा असतो. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाचा स्पर्श तर तो नेतोच, शिवाय चवीचे तंतूही त्याच्यासोबत जातात. म्हणून त्याला इजा झाली की जीभ बधिर होते आणि त्या बाजूची चवही जाते किंवा बदलते. आमटी सपक लागते, नाहीतर तोंडात सतत धातूसारखी चव राहते.

"तोंड वाकडे होईल का?" आणि "नजर जाईल का?"

हे दोन प्रश्न मला जवळजवळ रोज विचारले जातात.

ओठ बधिर होणे आणि तोंड वाकडे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर सांगितलेले दोन्ही फाटे संवेदनेचे आहेत. ओठ हलवणे, हसणे, डोळा मिटणे ही कामे फेशियल या वेगळ्या नसेची आहेत. त्यामुळे ओठ पूर्ण बधिर असला तरी आरशात पाहिल्यास तो सरळच हलतो. रुग्णाला तो सुजल्यासारखा, लोंबल्यासारखा वाटतो, पण समोरच्याला काहीच दिसत नाही. कधीतरी भुलेचे औषध थोडे मागे जाऊन फेशियल नसेपर्यंत पोचते. मग काही तास त्या बाजूचा डोळा मिटत नाही आणि हसताना तोंड एका बाजूला ओढले जाते. पाहणाऱ्याची घाबरगुंडी उडते, पण भूल उतरली की हे सगळे जाते. तोपर्यंत डोळा कोरडा पडू नये म्हणून तो हाताने मिटवून झाकून ठेवायचा, एवढेच. मात्र भुलेची वेळ उलटून गेल्यावरही तोंड वाकडे राहिले, किंवा सोबत हातापायात अशक्तपणा आला, बोलणे अडखळले, तर दाताच्या डॉक्टरची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

नजरेचे म्हणाल, तर वरचा दात काढल्याने नजर कमी होते हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. सुळा किडून पू झाला तरी केवळ या भीतीने तो तोंडात ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. दृष्टीची नस पूर्ण वेगळी आहे आणि ती डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते. वरच्या दातांच्या नसा तिला कुठेही जोडलेल्या नाहीत. फार क्वचित भुलेचे औषध डोळ्याच्या मागच्या भागापर्यंत पोचून थोडा वेळ दोन-दोन दिसते किंवा अंधुक दिसते, तेही भुलेबरोबर उतरते. दात काढायच्या वयात अनेकांना चष्माही लागतो, आणि त्या योगायोगाचा दोष बिचाऱ्या दाताच्या माथी येतो.

इजा होते कशी?

सर्वात जास्त प्रकरणे खालच्या अक्कलदाढेची. ही दाढ बऱ्याचदा आडवी किंवा तिरकी, हाडात अर्धी गाडलेली असते आणि तिची मुळे नसेच्या बोगद्याला टेकलेली असतात. कधी मुळावर नसेची खाच असते, कधी नस दोन मुळांच्या मधून जाते. दाढ सोडवताना मूळ नसेवर दाबले जाते, ड्रिल जवळून जाते किंवा नंतरच्या सुजेने बोगद्यातला दाब वाढतो. वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एकसारखे नाहीत, पण ढोबळमानाने सांगायचे तर खालची अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढलेल्या शंभर जणांपैकी एक ते पाच जणांना काही काळ ओठ बधिर राहण्याचा अनुभव येतो. कायमची बधिरता शंभरात एकाहूनही कमी. सगळ्यांची जोखीम सारखी नसते. सरळ उगवलेली, मुळे नसेपासून दूर असलेली दाढ असेल तर ती नगण्य असते. मुळे बोगद्यात घुसलेली असतील तर बरीच वाढते. वयाबरोबर हाड घट्ट होते, मुळे पूर्ण तयार होतात, म्हणून पंचविशी-तिशीनंतर जोखीम चढत जाते.

ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, पाहताना डॉक्टर तीन खुणा शोधतात: मुळावर जिथे बोगदा ओलांडतो तिथे काळसर पट्टा, बोगद्याच्या कडेची पांढरी रेघ तुटलेली, आणि बोगदा मुळाजवळ वळलेला. यातली एखादी दिसली तर सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करून घेतात. स्कॅनमुळे नस मुळाच्या कोणत्या बाजूला आहे ते कळते. जोखीम त्याने नाहीशी होत नाही, पण आधी कळते. जिभेची नस मात्र मऊ भागात असल्यामुळे एक्स-रेत दिसत नाही आणि सीबीसीटीतही नाही. तिथे भिस्त असते ती डॉक्टरच्या हातावर.

दुसरे कारण इम्प्लांट. खालच्या मागच्या दाढांच्या जागी स्क्रू बसवताना तो किंवा त्यासाठी पाडलेले छिद्र बोगद्यापर्यंत गेले तर नस दाबली किंवा कापली जाते. म्हणूनच इम्प्लांटचे टोक आणि बोगदा यांत किमान दोन मिलिमीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे.

तिसरे कारण रूट कॅनाल. खालच्या दाढेची मुळे बोगद्याजवळ असतील आणि भरलेले औषध मुळाच्या टोकातून बाहेर गेले तर ते नसेवर दाब आणते. काही औषधे रासायनिकदृष्ट्याही नसेला जाळतात. कालवा धुण्यासाठी वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइट मुळाबाहेर गेले तर लगेच भयंकर कळ येते आणि गाल सुजतो.

चौथे, खुद्द इंजेक्शन. सुई टोचताना जिभेत किंवा ओठात विजेचा झटका बसल्यासारखे झाले तर घाबरू नका. सुई नसेला चाटून गेली एवढाच त्याचा अर्थ, आणि बहुसंख्य लोकांना नंतर काहीही होत नाही. डॉक्टरला हाताने खूण करा, ते सुई थोडी मागे घेतील. इंजेक्शनमुळे दीर्घकाळ बधिरता येणे अत्यंत दुर्मीळ आहे. ती आलीच तर बहुधा जिभेला येते, आणि बहुतेकांची काही आठवड्यांत जाते.

नस भरून येते का?

ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली नसांच्या इजेचे तीन प्रकार सांगितले, ते आजही वापरात आहेत. विजेच्या वायरीची कल्पना करा. पहिल्या प्रकारात वायर शाबूत असते, फक्त दाबामुळे प्रवाह थांबलेला असतो. पायावर पाय ठेवून बसल्यावर पाय बधिर होतो तसेच हे, पण जास्त दिवसांचे. काही दिवसांत ते काही आठवड्यांत सगळे पूर्ववत होते. दुसऱ्या प्रकारात आतली तांब्याची तार तुटते, पण वरचे वेष्टन शाबूत राहते. वेष्टनाच्या आधाराने तंतू पुन्हा वाढतात, साधारण दिवसाला एक मिलिमीटर. अक्कलदाढेपासून हनुवटीपर्यंत सहा-सात सेंटीमीटर अंतर धरले तर दोन-तीन महिने का लागतात ते लक्षात येईल. तिसऱ्या प्रकारात वायर वेष्टनासकट तुटलेली असते. ती आपोआप नीट जुळण्याची आशा फार थोडी. ओठाची नस निदान बोगद्यात असते, त्यामुळे तुटलेली टोके समोरासमोर राहू शकतात. जिभेच्या नसेला तो आधार नाही.

बरे होण्याची पहिली खूण सुखावह नसते. मुंग्या, टोचल्यासारखे होणे, मध्येच हलका झटका. आतापर्यंत मुकी असलेली नस बोलू लागल्याचे ते लक्षण आहे. 'दुखायला लागले' म्हणून रुग्ण धास्तावून येतात, तेव्हा मला उलट बरे वाटते. मात्र मुंग्या वेगळ्या आणि आग होणे वेगळे. नुसत्या वाऱ्याने, टॉवेलच्या स्पर्शाने ओठाची आग होत असेल, तर नस चुकीच्या पद्धतीने जुळत आहे किंवा अजून दाबलेली आहे अशी शंका घ्यावी लागते.

किती थांबायचे?

पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. दुसरीकडे खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवला होता. त्या रात्री ओठ उतरला नाही म्हणून त्यांनी फोन केला. उत्तर मिळाले, "होईल हळूहळू, बी-बारा घ्या." आठवड्याने पुन्हा तेच उत्तर. ते माझ्यापर्यंत पोचले पाचव्या आठवड्यात, तेव्हा ओठाची आग सुरू झाली होती. स्कॅनमध्ये इम्प्लांटचे टोक बोगद्यात दिसले. इम्प्लांट काढला, औषधे दिली, आग बरीच कमी झाली. पण ओठाचा स्पर्श पूर्ण आला नाही. जेवताना हनुवटीला भाकरीचा कण चिकटला तर त्यांना कळत नाही. पत्नी समोरून स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून खूण करते. लग्नात पंगतीला बसायचे त्यांनी बंद केले, हे त्यांनी अगदी शेवटी, उठता उठता सांगितले. त्या रात्री स्कॅन झाला असता तर ओठ नक्की वाचला असता असे मी म्हणणार नाही. पण ती संधी होती आणि ती हातची गेली.

म्हणून सर्वात महत्त्वाचा फरक हा: इम्प्लांट किंवा रूट कॅनालनंतर भुलेची वेळ संपूनही ओठ जड असेल तर ती तातडीची बाब आहे. नसेवर दाबणारी किंवा तिला जाळणारी वस्तू अजून आत असू शकते आणि ती पहिल्या २४ ते ४८ तासांत काढली तर नस सावरण्याची शक्यता सर्वात चांगली असते. त्याच दिवशी फोन करा, एक्स-रे किंवा स्कॅनची मागणी करा. नेहमीचे डॉक्टर भेटत नसतील तर तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियातज्ज्ञांकडे किंवा जवळच्या दंत महाविद्यालयात जा.

अक्कलदाढ काढल्यानंतर एवढी घाई नसते, कारण तिथे दाबणारी वस्तू निघून गेलेली असते. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरला सांगाच. ते बधिर भागाची हद्द तपासतील: कापसाच्या टोकाने हलका स्पर्श, टोकदार वस्तूने टोचणे, दोन टोके एकदम टेकवून ती दोन वाटतात की एक. ही हद्द लिहून ठेवतात आणि दर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासतात. घरीही तुम्ही आरशासमोर स्वच्छ आयब्रो पेन्सिलने जिथून बधिरता सुरू होते ती रेघ आखून मोबाइलवर फोटो काढून ठेवू शकता. महिन्याभराने हद्द आत सरकली असेल तर नस भरून येत आहे. 'जरा बरे वाटते' यापेक्षा असा फोटो डॉक्टरला जास्त काही सांगतो.

हद्द तीन महिन्यांत अजिबात हलली नसेल, विशेषतः जीभ पूर्ण बधिर असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली नस जोडण्याच्या शस्त्रक्रियेविषयी तज्ज्ञांचे मत घ्यावे. ही शस्त्रक्रिया मोजक्या ठिकाणी होते आणि जितका उशीर तितका तिचा फायदा घटतो. संवेदना बऱ्याच जणांना काही प्रमाणात परत येते, पूर्वीसारखी क्वचितच. वर्ष-दीड वर्षाने आलेल्या रुग्णाला मी सहसा तिच्या भरीला पाडत नाही.

औषधांविषयी

बी-बारा जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने जवळजवळ प्रत्येकाला दिली जातात. शरीरात बी-बारा कमी असेल तर ती भरून काढायलाच हवी, आणि आपल्याकडे शाकाहारी लोकांत ती कमतरता पुष्कळ आढळते. पण तुटलेली नस बी-बाराने जुळते याला भक्कम पुरावा नाही. ती घ्यायला हरकत नाही, मात्र तीच चिकित्सा समजून थांबून राहू नका. सूज कमी करण्यासाठी सुरुवातीला थोडे दिवस स्टेरॉइड देतात. ते मनाने घेऊ नका, मधुमेह असेल तर मुळीच नाही. आग किंवा झटके असतील तर साध्या वेदनाशामकांचा उपयोग होत नाही. त्यासाठी प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन, अॅमिट्रिप्टिलिन अशी नसेच्या वेदनेची औषधे लागतात. त्यांनी सुरुवातीला गुंगी येते, म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात आणि बंदही हळूहळूच करतात.

बधिर ओठ रोज जपावा लागतो. चहा आधी चांगल्या बाजूने चाखून पाहा. जीभ बधिर असेल तर घास छोटा घ्या आणि बोलत बोलत जेवू नका, चावा बसून रक्त आले तरी कळत नाही. दाढी आरशात बघून करा. लहान मुलांना भूल दिल्यावर ओठ जड असेपर्यंत खायला देऊ नका. गंमत म्हणून ते ओठ चावत बसतात आणि दुसऱ्या दिवशी मोठी जखम दिसते. ती नसेची इजा नव्हे, पण आई-बाबांची झोप उडवायला पुरेशी असते.

उपचाराआधी

अक्कलदाढ दुखत नसेल, पू होत नसेल, शेजारची दाढ किडवत नसेल, तर ती काढायचीच का, हे जरूर विचारा. काढायची असेल आणि मुळे नसेला टेकलेली असतील तर कोरोनेक्टॉमी करता येईल का तेही विचारा. यात दाढेचा वरचा भाग कापून काढतात आणि नसेजवळची मुळे हाडातच ठेवतात. नसेचा धोका यात बराच कमी होतो. मुळे पुढे वर सरकू शकतात, क्वचित दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते, आणि मुळांनाच जंतुसंसर्ग असेल तर हा मार्ग बंद. संमतीपत्रावर बधिरतेचा उल्लेख असतो. ते वाचून न समजलेले विचारा. या प्रश्नाने चांगला डॉक्टर दुखावला जात नाही. आणि बधिरता आलीच तर 'चूक झाली' असे लगेच गृहीत धरू नका. पूर्ण काळजी घेऊनही ती येऊ शकते. आपण दखल मागायची ती नंतरच्या दुर्लक्षाची.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगतो. दात काढलेला नाही, मार लागलेला नाही, इंजेक्शनही घेतलेले नाही, आणि तरी एका बाजूची हनुवटी किंवा खालचा ओठ बधिर झाला, तर 'दातामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. जबड्यातला जंतुसंसर्ग किंवा गाठ नसेवर दाब आणत असू शकते. कधी स्तनाचा किंवा रक्तपेशींचा कर्करोग जबड्यापर्यंत पसरल्याची ती पहिली खूण असते. पूर्वी कर्करोगाचे उपचार झालेल्या व्यक्तीला असे झाले तर त्याच आठवड्यात जबड्याचा एक्स-रे काढून घ्या आणि आपल्या कर्करोगतज्ज्ञांनाही कळवा.